राणीबागेतल्या मावशी

नायगाव
सोमवार, १७ नोव्हेंबर

सम्यक,

'प्रिय' लिहायला हात वळेना, म्हणून नुसतं नाव. माझा फोन तू उचलत नाहीस. मेसेज टाकला की एकच टिक येते आणि ती तशीच राहते. म्हणून कागद घेतला. तुझ्या पुण्याच्या ऑफिसचा पत्ता इंटरनेटवर सापडला. तिथे तुझा कोटातला फोटो आहे आणि खाली ते नवीन आडनाव. पाकिटावर तेच लिहीन, घाबरू नकोस.

भांडायला लिहीत नाहीये. तुला जळवायला लिहितेय. मी आठवडाभर रजेवर आहे आणि मजा करतेय.

रजेचा अर्ज दिला तर आमचे साहेब दचकले. "मॅडम, घरी सगळं ठीक ना?" म्हणाले. त्यांचंही खरं आहे. बाबांचं हॉस्पिटल आणि बाबांचं जाणं सोडलं तर मी कशासाठी रजा काढली होती? हा सगळा हट्ट आईचा. दिवाळी झाल्यापासून मागे लागली होती. "अक्षू, एक आठवडा काढ. गुडघे चालतायत तोवर चालतायत. लांब कुठे नको जायला. इथंच फिरू, खाऊ, लोळू." शाळेत आयाचं काम करून जन्म काढला त्या बाईनं. कधी बाबांकडे साधी चौपाटी मागितली नाही. ती लोळू म्हणते! मला आधी वाटलं, डॉक्टरनं हिला काहीतरी सांगितलंय आणि ही माझ्यापासून लपवतेय. हळूच रिपोर्ट चाळले. साखर सोडून काही नाही. मग म्हटलं, काढूच रजा.

आज उशिरा उठलो. चहा घेऊन खिडकीत बसलो. समोरच्या चाळी पाडल्या, तिथे टॉवर चढतोय. आई म्हणाली, "आपला नंबर लागेपर्यंत मी वर जाते की नाही बघ." आणि स्वतःच हसली. मग वरळी कोळीवाड्यात गेलो मासळीला. कोळीण म्हणाली, "ताजी हाय, आजी." आई म्हणाली, "ते मला नको सांगू, मासा सांगेल," आणि कल्ला उचलून बघितला. तिथेच दोघींची जुंपली आणि जाताना त्या कोळणीनं वर दोन बोंबील टाकले. घरी आल्यावर आईनं सुरमई तळली. मधली तुकडी माझ्या ताटात वाढली. मला दोन घास कळलंच नाही. मग लक्षात आलं, ही तुकडी तर कायम तुझी असायची. तू गेल्यावरही ती माझ्याकडे आली नव्हती, बाबांकडे गेली होती.

दुपारी पंखा लावून फरशीवर चटई टाकून दोघी झोपलो. संध्याकाळी म्हणते, "माझे केस काळे कर." सत्तरी ओलांडलेली बाई! मी तिच्या गळ्याभोवती जुना टॉवेल गुंडाळला आणि ब्रशनं रंग लावला. आरशात बघून लाजली.

दिवसभरात तुझं नावसुद्धा निघालं नाही. हे मुद्दाम लिहितेय.

अक्षता


बुधवार, १९ नोव्हेंबर

सम्यक,

सोमवारचं पत्र अजून पाठवलेलं नाही. सगळी एकदमच टाकीन. मला वाटलं होतं एका पत्रात माझं समाधान होईल. नाही झालं.

काल शिवाजी पार्कला गेलो. कट्ट्यावर बसून पोरांचं क्रिकेट बघितलं. आईला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही, पण एक पोरगा सारखा आउट होत होता, त्याची बाजू घेऊन ती अंपायरशी इथून भांडत होती. मग दादरला जाऊन मिसळ खाल्ली. एक पियुष दोघींत घेतलं. साखर आहे म्हणून मी तिला अर्धं देणार होते, तर ती माझ्याकडे बघत पाऊण पिऊन मोकळी. मग चैत्यभूमीला जाऊन आलो आणि मागे समुद्राकडे तोंड करून बसलो.

तिथे तिनं बाबांचं सांगितलं. लग्न झालं तेव्हा तिला अक्षरओळखही नव्हती. बाबा परळच्या मिलमधून पहिली पाळी संपवून यायचे आणि तिला घेऊन तिथे बसायचे, पेपरवर बोट ठेवून वाचायला लावायचे. लोक बघायचे. तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बाबा म्हणायचे, "कमळा, लोक बघतायत तर मोठ्यानं वाच." हे मला माहीत नव्हतं. तुलाही नसेल.

बाबांचा विषय निघालाच आहे तर लिहिते. त्यांच्या अंत्ययात्रेला तू आलास, तोंडाला मास्क लावून. तेव्हा कुणीच मास्क लावत नव्हतं. सगळ्यांच्या मागे उभा राहिलास आणि तसाच निघून गेलास. खालच्या मजल्यावरच्या गंगुबाईनं मला विचारलं, "तो मिलमधला कुणी होता का गं?" मी हो म्हटलं.

मिल बंद पडल्यावर बाबुरावांनी रात्रपाळीची वॉचमनकी करून ज्याला इंजिनीअर केलं, तो हा. आणि नोकरी लागल्यावर ह्यानं पहिलं काय केलं, तर बापाचं आडनाव टाकलं. लग्न परस्पर केलं. बायकोच्या घरच्यांना जात वेगळी सांगितली. ती कळू नये म्हणून आमच्यापैकी कुणी लग्नाला नको, घरी यायला नको, फोन करायला नको. तू स्वतःच मला हे सगळं सांगितलं होतंस, परळच्या त्या हॉटेलात, चहा गार होईपर्यंत. "ताई, समजून घे," म्हणालास. मी समजून घेतलं नाही. त्या दिवसापासून आपलं बोलणं बंद. आईलाही तेव्हापासून तुझा आवाज ऐकू आला नाही आणि तरी तिनं तुझ्याबद्दल कधी वाकडा शब्द काढला नाही, ह्याचा मला जास्त राग आहे.

असो. आज तिनं माझ्या केसांना तेल लावलं. लावता लावता म्हणाली, "तुझंच सगळं राहून गेलं बघ, अक्षू." काय राहून गेलं ते तिला माहीत आहे, मला माहीत आहे, तुला सांगायची गरज नाही. पण ती बोलली. चव्वेचाळीस वर्षांची झाले मी. मला वाटलं, आई आज पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघतेय. मी खाली मान घालून बसून राहिले. उठले असते तर रडले असते.

उद्या राणीबाग. तिला पेंग्विन बघायचेत! मी म्हटलं होतं काल जाऊ, तर म्हणे, "मंगळवार नको, गुरुवारीच." आज तर बाग बंदच असते. सकाळपासून बेसनाचे लाडू वळतेय. दोघींना इतके कशाला, विचारलं तर म्हणाली, "बाहेरचं महाग मिळतं तिथे." काल दादरला तिनं एक लाल टोपीही घेतली, लोकरीची, लहान मुलाची. गंगुबाईच्या नातवाला म्हणे.

आम्ही दोघी इतक्या वर्षांत कधी इतकं हसलो नव्हतो. तू येऊ नकोस. आम्हाला कमी काही नाही.

अक्षता


शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सम्यक,

टोपी गंगुबाईच्या नातवासाठी नव्हती.

काल तू काय केलंस ते तुला माहीत आहे. पण माझ्या बाजूनं ते कसं दिसलं तेही ऐक. आणि तू तिथे नसताना जे झालं, तेही.

निघताना आईनं मोतिया रंगाची साडी काढली. गळ्यातलं बुद्धाचं पदक काढून डब्यात ठेवलं. "घामानं खाज सुटते," म्हणाली. नोव्हेंबरात. मी काहीच मनात आणलं नाही. मी रजेवर होते ना.

पेंग्विनच्या हॉलमध्ये गार होतं, गर्दी होती. आई काचेकडे बघतच नव्हती. माणसं बघत होती. मी तिला म्हटलं, "अगं, तो बघ, तो पोहतोय." तेवढ्यात मागून तुझा आवाज.

"अरे! रखमामावशी! तुम्ही इथे कशा?"

मी वळले तर तू. बाजूला बायको, हाताशी मुलगा. मला आधी वाटलं तू दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारतोयस. पण तू आईकडे बघत होतास. आणि आईनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "अगं बाई! केवढा मोठा झाला हा!"

शाळेच्या नाटकात तुला बक्षीस मिळायचं. ते कुठून आलं ते मला काल समजलं.

"श्रेया, ह्या रखमामावशी. लहानपणी आम्ही मुंबईत होतो ना, तेव्हा शेजारी राहायच्या. आणि ही त्यांची मुलगी."

ही त्यांची मुलगी. आईला निदान नाव तरी दिलंस. माझ्यासाठी खोटं नावसुद्धा शोधलं नाहीस.

मी तोंड उघडणार होते. तुला ते दिसलं, तू पांढरा पडलास. पण आईनं माझं मनगट धरलं होतं. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं नाही. तिची नखं अजून उमटलेली आहेत. ती माझ्याकडे न बघता हसत होती आणि मनगट पिळत होती. म्हणून मी गप्प बसले. तुझ्यासाठी नाही.

मग झाडांखाली बाकावर बसलो. शंतनूनं लाडू खाल्ला. आईनं त्याच्या डोक्यात टोपी घातली, काढली, परत घातली, मग त्याचे हात हातात घेऊन बसली. त्याला उकडत होतं तरी त्यानं घालू दिली. गुणी आहे. त्यानं तिला विचारलं, "तुम्ही कुणाची आजी?" आई म्हणाली, "ज्याला पाहिजे त्याची." तू लगेच उठलास, "चल, तुला हत्ती दाखवतो," म्हणून त्याला घेऊन गेलास. आता पुढचं तू ऐकलं नाहीस.

श्रेया आईच्या जवळ सरकली. म्हणाली, "मावशी, तुम्ही ह्यांच्या आईंना ओळखत असाल ना?"

आई म्हणाली, "ओळखते की."

"ह्यांच्याकडे त्यांचा विषय काढला की हे गप्पच होतात. इतक्या लहानपणी आई गेली, कसं बोलणार म्हणा. आमच्याकडे एक फोटोसुद्धा नाही हो. शंतनू विचारतो. दिसायला कशा होत्या त्या?"

सम्यक, मला हे माहीत नव्हतं. जात लपवलीस हे माहीत होतं. आईला मारलंस हे माहीत नव्हतं. मी आईकडे बघितलं. तिला माहीत होतं की नाही, मला अजून सांगता येत नाही. ती स्वतःच्या हातांकडे बघत होती.

"दिसायला काय," म्हणाली. "माझ्यासारखीच. सावळी. उंचीनं पण एवढीच."

"आणि स्वभावानं?"

"फटकळ होती जरा. पण पोरांना उपाशी नाही झोपवलं कधी. शाळेत कामाला जायची. पोरगा पहिला आला की चाळभर साखर वाटायची, आगाऊ. सगळे हसायचे तिला."

आवाज एकदा हलला नाही तिचा. उलट तिला बोलायला बरं वाटत होतं असं मला दिसलं. स्वतःबद्दल इतकं ती कधीच कुणाशी बोललेली नाही.

श्रेयाचे डोळे भरून आले. "आजारी होत्या का? त्यांना फार त्रास झाला का हो जाताना?"

आईनं पदर सारखा केला. "नाही गं," म्हणाली. "तिला कळलंच नाही."

तुझी बायको वाकून तिच्या पाया पडली. भर बागेत, लोकांसमोर. सम्यक, तू त्या मुलीला कधी विचारलं तरी आहेस का, की हे खरं असतं तर तुला चाललं असतं का? नाही विचारलंस. तिच्या वतीनं तूच उत्तर देऊन टाकलंस.

त्यानंतर गेटवर जे झालं ते तुझ्यासमोर झालं, पण तू मोबाइलमध्ये डोकं घातलं होतंस म्हणून लिहिते. गेटवर वैभव होता ड्युटीला. सिक्युरिटीच्या कपड्यात. आमच्या शेजारच्या चाळीत राहतो, तू गेल्यावर राहायला आलेला, दोन मुलींचा बाप आहे. बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा रोज स्कूटरवरून आईचा डबा पोचवायचा. त्याला आई दिसली आणि त्याचा चेहरा फुलला. "जयभीम, काकू!"

आई समोर बघत चालत राहिली.

त्याला वाटलं ऐकू नाही आलं. दोन पावलं पुढे आला. "काकू, जयभीम!" हात छातीपर्यंत उचललेला.

श्रेया म्हणाली, "मावशी, तुम्हालाच हाक मारतायत बहुतेक."

आई म्हणाली, "मला नाही गं. मी नाही ओळखत त्यांना."

वैभव तिथेच होता, हातभर अंतरावर. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? त्याचा हात खाली गेला आणि तो दुसऱ्या माणसाचं तिकीट बघायला लागला.

टॅक्सीत बसल्या बसल्या आई म्हणाली, "बघितलंस? हसला की डावीकडे खळी पडते त्याला."

मी म्हटलं, "आई, तू मेलीस. कळलं का तुला?"

"मेले तर मेले. बघायला तर मिळाला."

मग एकेक बाहेर आलं. तू तिला फोन करतोस. किती वर्षं कोण जाणे. मी ऑफिसात असताना. श्रेयाच्या चुलतभावाचं लग्न दादरला आहे, तेव्हा येतोय, राणीबागेत भेटू, असं असं बोलायचं, सगळं तू दिवाळीतच ठरवलं होतंस.

मी विचारलं, "म्हणून मला रजा काढायला लावलीस?"

ती म्हणाली, "मग एकटी कशी गेले असते? गर्दी ती केवढी, गुडघे हे असे. आणि आधी सांगितलं असतं तर आली असतीस तू?"

"आणि कोळीवाडा? शिवाजी पार्क?"

"एकाच दिवसाची रजा काढ म्हटलं असतं तर तुला शंका आली असती." आणि मग माझ्याकडे बघून, अगदी खरोखर विचारल्यासारखं, "तुला मजा नाही का आली?"

लालबागचा पूल उतरेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. मला मजा आली होती, सम्यक. तेच तर आहे. तुझ्या नाटकाची तालीम चालली होती आणि मी सुरमईची तुकडी खाऊन खूश होते.

अक्षता


शनिवार, २२ नोव्हेंबर

आई कालपासून नीट जेवत नाहीये. मी तिच्याशी बोलत नाही, म्हणून असेल असं वाटलं. मग वाटलं, नातू आठवत असेल. काल सकाळपर्यंत भलत्या आनंदात होती, एकटीच गुणगुणत होती. दुपारी खाली दुकानात साखर आणायला गेली आणि पिशवी रिकामीच घेऊन परत आली. वाटेत वैभवची बायको भेटली म्हणे. ती नेहमीसारखी बोलली. "काकू, बऱ्या आहात ना?" एवढंच. वैभवनं घरी काही सांगितलेलं दिसत नाही.

तेव्हापासून ही भिंतीला टेकून बसलीय.

आज सकाळी मी भाजी निवडत होते. ती आपणहूनच म्हणाली, "काय वाटलं असेल गं त्याला."

मला भयंकर संताप आला. म्हटलं, "सम्यकला काहीसुद्धा वाटलेलं नाही. तो आता पुण्यात आरामात असेल."

"सम्यकचं कोण बोलतंय," ती म्हणाली. "वैभवला."

मी परत भाजीला लागले. थोड्या वेळानं म्हणाली, "तुझ्या बाबांनी मला लोकांसमोर मोठ्यानं वाचायला लावलं. आणि मी काय केलं?"

मग उठून तिनं डबा उघडला, पदक काढलं, गळ्यात घालायला गेली आणि थांबली. परत डब्यात ठेवलं. "आधी त्याला भेटते," म्हणाली. "मग घालते."

मी म्हटलं, जा, शेजारच्याच चाळीत तर राहतो. तर म्हणाली, "घरी जाऊन नाही. जिथं केलं तिथं."


रविवार, २३ नोव्हेंबर

सम्यक,

हे शेवटचं.

आज परत राणीबागेत गेलो. रविवार, केवढी ही गर्दी! लोकांची पोरंबाळं, डबे, पाण्याच्या बाटल्या, सेल्फी. वैभव गेटवरच होता. आईला बघून त्यानं नजर दुसरीकडे वळवली. रागानं नाही. तिला अवघड होऊ नये म्हणून. मला ते जास्त लागलं.

आई रांग सोडून सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. हात जोडून, मोठ्यानं, मागच्या चार कुटुंबांना ऐकू जाईल असं म्हणाली, "जयभीम, वैभव."

तो गडबडला. "जयभीम, काकू. अहो, त्या दिवशी तुम्हाला ऐकू नाही आलं बहुतेक. इथे आवाजच इतका असतो…"

त्यानं वाट करून दिली होती. तिला फक्त हो म्हणायचं होतं.

"ऐकू आलं होतं," आई म्हणाली. "दोन्ही वेळा आलं होतं."

मागून कुणीतरी ओरडलं, "ओ आजी, लाइन!" आई हलली नाही. वैभवनं तिचे जोडलेले हात आपल्या हातात धरले, क्षणभर, आणि म्हणाला, "जाऊ द्या, काकू. या आत. तिकीट काढलंय ना?"

आम्ही आत गेलो नाही. तिथूनच घरी आलो. घरी आल्यावर मी तिच्या गळ्यात पदक घातलं, मागचा फासा लावून दिला. चार दिवसांत मी पहिल्यांदा तिला हात लावला.

आणि मग तुझा फोन आला. आज सुट्टी, मी घरी असणार हे तुझ्या लक्षात राहिलं नाही, इतका तू आनंदात होतास. आईला कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर असतो. मी समोरच बसले होते.

तू काय बोललास ते तुला माहीत आहे. श्रेयाला मावशी फार आवडल्या. शंतनू टोपी काढतच नाही. श्रेया म्हणते, आपल्याकडे मोठं माणूस कुणी नाही, मावशींना पुढच्या महिन्यात आठ-पंधरा दिवस राहायला बोलवू. "आई, ये ना. मी गाडी घेऊन येतो न्यायला. तुझी वेगळी खोली असेल. फक्त ते…"

"फक्त काय?"

"तुला माहितेय, आई."

ती बराच वेळ गप्प होती. तुला वाटलं असेल लाइन गेली, तू दोनदा हॅलो केलंस. मी तिचा चेहरा बघत होते. तू पंधरा दिवस तिच्यासमोर ठेवले होतेस आणि ती ते आधीच जगायला लागली होती.

तिनं विचारलं, "शंतनू कुणाजवळ झोपतो?"

"आमच्याजवळ. का गं?"

"मी आले तर माझ्याजवळ झोपेल?"

"झोपेल की! गोष्ट सांगितलीस तर रोज झोपेल."

मला वाटलं, झालं. ही जाणार. मी उठून आत जाणार होते. मला पुढचं ऐकायचं नव्हतं.

तेव्हा ती म्हणाली, "सम्यक, श्रेयाला सांग, त्या रखमामावशी वारल्या."

"आई! काय बोलतेस तू?"

"एकदा सांगितलंयस की तिला तसं. परत सांगायला काय जड आहे?"

तू काहीतरी बोलत होतास, समजून घे, असं काहीतरी. ती मध्येच म्हणाली, "कमळाबाई आहे अजून. तिला बोलवायचं असेल तर तिच्या नावानं बोलव. मी येईन, गुडघ्यांवर चालत येईन." आणि फोन बंद केला. तिला तो नीट बंद करता येत नाही. दोनदा बटण दाबावं लागलं.

तुला इथपर्यंतच माहीत आहे. पुढचं लिहायचं म्हणून हे पत्र.

मला वाटलं होतं, ज्या दिवशी आई तुला नाही म्हणेल त्या दिवशी मला बरं वाटेल. इतकी वर्षं मी त्याचीच वाट बघत होते. आई भिंतीला टेकली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बरोबर केलं ना गं मी?"

मला हो म्हणता आलं नाही.

मग ती म्हणाली, "शंतनूचे हात फार गरम होते गं, अक्षू." आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून रडली, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. बाबा गेले तेव्हा ती मोठ्यानं रडली होती. तेव्हा लपवण्यासारखं काही नव्हतं. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं नाही. मला कळलं, तिला ह्या वेळी मी नको होते. ह्या आठवड्यात कधीच नको होते बहुधा. तरी मी बसून राहिले.

थोड्या वेळानं डोळे पुसून तिनं तुझ्या घरचा पत्ता सांगितला. बिल्डिंग, विंग, पिनकोडसकट, पाठ आहे तिला. मी लिहून घेतला. तर लगेच म्हणाली, "पण तिकडे नको पाठवू हं. श्रेया उघडेल. त्याचा संसार आहे." म्हणून ऑफिसच्याच पत्त्यावर पाठवतेय. माझं चाललं असतं तर मी तिकडेच पाठवलं असतं, नावासकट, जुन्या आडनावासकट. तू वाचलास तो तिच्यामुळे, परत एकदा.

उद्या मी कामावर जाणार. ती दिवसभर एकटी असेल.

आता दिवेलागण झालीय. ज्या बाईनं आपल्याला तिन्हीसांजेला कधी आडवं होऊ दिलं नाही, ती कुशीवर पडलीय. मला बजावलंय, "त्याचा परत आला तर उचलायचा नाही." डोळे मिटलेत, पण झोप नाही. फोन उशाला नाही, हातात धरलाय.

तू केला नाहीस.

अक्षता